ओल्या कचऱ्याचा डबा आणि त्यांतील पिशवी

गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस आम्हीं आपल्या भाजीपाल्याच्या तुकड्यांत शहराच्या कचऱ्यापासून केलेलें खत दोन ट्रॉल्या भरून टाकविलें. खत काळें, भुसभुशीत व वासरहित होतें; हातांत घेऊन पाहतां मन प्रसन्न झालें. पुढें मृगाच्या दोन सरींनीं वरची धूळ धुऊन नेली आणि साऱ्या वाफ्यांतून निळे, पांढरे व काळे तुकडे चमकूं लागले. ते प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तुकडे होते. कांहीं बोटभर लांब, तर कांहीं तांदळाच्या कणीएवढे. बायका लावून वेचून घेतले, तेव्हां एका वाफ्यांत टोपलीचा तळ झांकेल इतके निघाले. पुढच्या सरीनंतर पाहावें तों तितकेच पुन्हां वर आलेले. शेवटीं वेचणें सोडून दिलें. ढीग चाळतां येतो, पोतें चाळतां येतें. शेत चाळतां येत नाहीं.

हे तुकडे आले कोठून? खत करणाऱ्यानें कांहीं प्लॅस्टिक विकत आणून त्यांत मिसळलें नव्हतें. शहरांतील कोणा घरीं भाजीचे देंठ, केळ्याच्या साली व उरलेला भात एका पातळ पिशवींत भरून, वर गांठ मारून घंटागाडींत टाकला गेला. ती गांठ पुढें कोणींच सोडली नाहीं. यंत्रानें पिशवीसकट सारें फाडलें, चाळणीनें मोठे तुकडे अडविले, आणि लहान तुकडे खताबरोबर आमच्या वाफ्यांत आले. स्वयंपाकघरांतील डबा हा शेतकीच्या मासिकाचा विषय कसा, असें कोणी विचारील तर त्यास आमचें हेंच उत्तर आहे. शिवाय घंटागाडी आतां लहान लहान गांवींही फिरूं लागली आहे. आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें शहरांत बिऱ्हाड करून आहेत. तेव्हां कचरा देणारेही आपण आणि खत घेणारेही आपणच.

पिशवीची गरज कां भासते

ओल्या कचऱ्याचें बहुतेक वजन पाण्याचें असतें. टरबुजाची साल, ताटांतील आमटी, चहाचा चोथा हीं सर्व एकत्र पडलीं कीं तळाशीं पाणी सांचतें. त्या पाण्यानें हवा कोंडते, आणि हवेवांचून वाढणारे सूक्ष्म जंतु माजून दुर्गंधि सुटते. गृहिणीस पिशवी हवी असते ती डबा घांसण्याचा त्रास चुकावा, गळती होऊं नये व माशा बसूं नयेत म्हणून. ही अपेक्षा अगदीं रास्त आहे, आणि जो कधीं डबा घांसत नाहीं त्यानें तिला हंसूं नये. परंतु मूळ दुखणें पाण्याचें आणि कोंडलेल्या हवेचें आहे. गांठ मारलेली पिशवी तें बरें करीत नाहीं. उलट वाढवून दृष्टीआड करिते.

म्हणून पहिला उपाय पिशवीचा नव्हे, कोरड्या वस्तूचा. डब्याच्या तळाशीं मूठभर कोरडा पालापाचोळा, लांकडाचा भुसा किंवा बारीक केलेलें उंसाचें पाचट घालावें. वर कचरा पडला कीं पुन्हां एक मूठ टाकावी. पातळ पदार्थ प्रथम गाळून घ्यावे. जनावरास चालण्याजोगें ताजें अन्न जनावरास द्यावें. डब्यांत जाईल तें त्याउपर उरलेलें. एवढें केलें असतां डबा एक दिवसाआड रिकामा करून नुसता विसळला तरी वास येत नाहीं. खताच्या दृष्टीनेंही हें हितावह आहे. ओल्या कचऱ्यांत नत्राचा अंश अधिक, पाचोळ्यांत कर्बाचा अधिक. दोहोंचा मेळ बसला म्हणजेच ढीग नीट तापतो.

दुसरा उपाय जुन्या वर्तमानपत्राचा. दोन-तीन पानें एकावर एक ठेवून, डब्याच्या तळावर आडवीं-उभीं अंथरावीं व कडा बाहेर दुमडून घ्याव्या. कागद पाणी शोषून घेतो, कचऱ्याबरोबर खड्ड्यांत जातो, आणि ओल मिळाली कीं कांहीं आठवड्यांत ओळखूंही येत नाहीं. मात्र गुळगुळीत, चकचकीत कागद आणि आंतून प्लॅस्टिकचा मुलामा दिलेलीं खोकीं घेऊं नयेत. दुधाची पिशवी, पाकिटें, द्रोणांवरील चकाकी या वस्तूही ओल्या कचऱ्यांत जातां कामा नयेत. ज्यांच्या दारीं केळ किंवा पळस आहे, त्यांस तर कागदाचीही गरज नाहीं.

बाजारांतील पिशव्या आणि त्यांवरील शब्द

तथापि सर्वांस हें जमेल असें नाहीं. चौथ्या मजल्यावर राहणारें कुटुंब पाचोळा कोठून आणणार? शिवाय गाडीवर काम करणाऱ्या माणसाच्या हातांचाही विचार केला पाहिजे. तेव्हां पिशवी घ्यावयाचीच तर कोणती, हें समजून घेणें अवश्य आहे.

दुकानांत हिरव्या रंगाच्या, पानाचें चित्र असलेल्या पुष्कळ पिशव्या मिळतात. त्यांवर 'बायोडिग्रेडेबल', 'ऑक्सो', 'पर्यावरणस्नेही', 'कंपोस्टेबल' असे नानाविध शब्द असतात. ग्राहकास ते सर्व एकाच अर्थाचे वाटतात. परंतु त्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. 'ऑक्सो' जातीची पिशवी म्हणजे साधें प्लॅस्टिकच. त्यांत कांहीं क्षार मिसळलेले असतात, त्यामुळें ऊन व हवा लागली कीं तिचा चुरा होतो. चुरा झाला म्हणजे ती कुजली असें नव्हे. उलट मोठा तुकडा वेचतां तरी येतो; चुरा मातींत मिसळला कीं तो कायमचाच. युरोपांतील संघराष्ट्रांनीं २०१९ मध्यें केलेल्या निर्बंधान्वयें अशा प्लॅस्टिकाची विक्री २०२१ च्या जुलैपासून बंद केली.

'बायोडिग्रेडेबल' हा शब्दही एकट्यानें कांहींच सांगत नाहीं. किती दिवसांत, कोणत्या उष्णतेंत व कोठें कुजेल, हें सांगितल्यावांचून त्या शब्दास अर्थ नाहीं. इंग्लंडांतील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनीं निरनिराळ्या जातींच्या पिशव्या तीन वर्षांहून अधिक काळ मातींत पुरून, समुद्रांत बुडवून व उघड्या हवेंत टांगून पाहिल्या आणि २०१९ मध्यें आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. 'बायोडिग्रेडेबल' म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षें मातींत राहूनही बाजाराचें ओझें उचलूं शकत होती! कंपोस्टेबल पिशवी समुद्रांत तीन महिन्यांच्या आंत नाहींशी झाली. परंतु तीच मातींत सत्तावीस महिन्यांनंतरही शिल्लक होती, फक्त तिच्यांत वजन पेलण्याचें बळ उरलें नव्हतें. यावरून दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पिशव्यांमध्यें खरोखर भेद आहे ही एक. आणि त्यांतील चांगली पिशवीही वाटेल तेथें पुरली तर कुजत नाहीं ही दुसरी.

कंपोस्ट होणारी पिशवी म्हणजे काय

ही पिशवी बहुधा मक्याच्या किंवा बटाट्याच्या पिष्टापासून केलेली असते. परंतु नुसत्या पिष्टाची पिशवी पाण्यानें विरघळेल, म्हणून त्यांत पीबीएटी नांवाचें द्रव्य मिसळतात. हें द्रव्य मुख्यतः खनिज तेलापासून होतें, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. कित्येक पिशव्यांत मक्याच्या साखरेपासून केलेलें पीएलए हें द्रव्यही असतें. सारांश, वस्तु कशापासून केली यावर ती कुजेल कीं नाहीं हें ठरत नाहीं. तिच्या कणांची रचना जंतूंस खातां येण्याजोगी आहे कीं नाहीं यावर ठरतें.

ही गोष्ट डोळ्यांनीं पाहून किंवा वास घेऊन ओळखतां येत नाहीं, म्हणून त्यासाठीं कसोटी ठरविली आहे. आपल्याकडे ती आयएस/आयएसओ १७०८८ या क्रमांकानें ओळखिली जाते. तिचें सार असें: तप्त ढिगांत बारा आठवडे ठेवल्यानंतर दोन मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ वस्तूचा दहावा हिस्साच काय तो उरावा, अधिक उरूं नये, १८० दिवसांच्या आंत तिच्यांतील कर्बाचा शेंकडा ९० भाग जंतूंनीं खाऊन त्याचा वायु व्हावा, शिसें, कॅडमियम इत्यादि जड धातु ठरीव मर्यादेच्या आंत असावे, आणि त्या खतांत पेरलेलें बीं नीट उगवावें. शेवटच्या दोन अटी आपल्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाच्या होत. केंद्र सरकारच्या २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनीं अशा पिशवीच्या कारखानदारास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचें प्रमाणपत्र घेणें आणि पिशवीवर तसा छाप घालणें आवश्यक केलें. महाराष्ट्र सरकारनें मार्च २०१८ मध्यें पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हांही रोपवाटिका, शेती व घनकचरा हाताळणें या कामांपुरती कंपोस्ट होणाऱ्या पिशवीस मोकळीक ठेविली. ही मोकळीक आहे म्हणूनच तिच्या नांवाखालीं खोटा माल खपविण्याचा मोह विक्रेत्यास होतो, हें विसरूं नये.

सारें उष्णतेवर अवलंबून

वर सांगितलेल्या कसोटींत एक बारीक परंतु निर्णायक अट आहे. ती परीक्षा ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास घेतली जाते. पीएलए हें द्रव्य साधारण ५५ ते ६० अंशांवर मऊ पडतें, आणि मगच पाणी व जंतु त्यांत शिरूं लागतात. तेव्हां प्रश्न पिशवीपुरता राहत नाहीं. आपला ढीग किती तापतो, हा खरा प्रश्न आहे.

याविषयीं आपल्या देशांत जुनें ज्ञान आहे. इंदूर येथील वनस्पति-उद्योग संस्थेंत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनीं शेतांतील काडीकचरा, शेण व माती यांचे थर रचून, ओल राखून, ठरलेल्या दिवशीं ढीग उलथून सुमारें तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसविली व १९३१ मध्यें ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. नीट रचलेला असा ढीग पहिल्या दिवसांत ६० अंशांच्या वर तापतो. त्यांत हात घालवत नाहीं. एवढ्या मोठ्या, ओल्या व वारंवार उलथलेल्या ढिगांत प्रमाणित पिशवी कुजून जाते. परंतु परसांतील दोन हात खड्डा, गच्चीवरील कुंडी किंवा गांडुळांचा वाफा एवढा तापत नाहीं, आणि गांडुळांच्या वाफ्यास तापूं देणें योग्यही नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनीं रूढ केलेल्या नाडेप टाक्यांत खत उत्तम होतें; परंतु त्यांतील ढीग उलथला जात नाहीं, त्यामुळें कडेच्या थरास मध्यभागाइतकी उष्णता मिळत नाहीं. तेथेंही पिशवी न टाकणेंच बरें.

कांहीं पिशव्यांवर 'घरगुती खड्ड्यांत कंपोस्ट होणारी' असा निराळा छाप असतो. ऑस्ट्रेलियाची एएस ५८१० ही अशा जातीची कसोटी असून ती साध्या हवेच्या उष्णतेंत, बारा महिन्यांची मुदत देऊन घेतात. ही पिशवी घरीं वापरण्यास अधिक योग्य खरी. पण तिच्यावरही डोळे मिटून विसंबूं नये. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनीं सामान्य नागरिकांच्या परसांतील ढिगांवर प्रयोग करून २०२२ मध्यें असें दाखविलें कीं, घरगुती कंपोस्टचा छाप असलेल्या वस्तूंपैकीं शेंकडा ६० वस्तु पूर्णपणें विरल्या नव्हत्या. आपली हवा त्यांच्याहून उष्ण आहे. परंतु आपला खड्डा उन्हाळ्यांत कोरडा पडतो, आणि ओलीवांचून कांहींच कुजत नाहीं. म्हणून ज्याच्या घरीं स्वतःचा खड्डा आहे त्यानें कोणतीच पिशवी विकत घेऊं नये. डब्यांतून कचरा थेट खड्ड्यांत उलटावा व डबा विसळून तें पाणी झाडास घालावें. गोबर-गॅसच्या टांकींत तर पिशवी कदापि जाऊं देऊं नये. तेथें ना हवा, ना पुरेशी उष्णता. पिशवी तरंगते, नळींत अडकते व टांकी बंद पाडते.

पिशवी कोठें उपयोगी पडते

ज्या नगरांत ओला कचरा निराळा गोळा होऊन मोठ्या तप्त ढिगांवर जातो आणि तेथील चालक अशी पिशवी स्वीकारतात, तेथें तिचा उपयोग आहे. इटलींतील मिलान शहरानें २०१२ पासून टप्प्याटप्प्यानें घरोघरचें उष्टें निराळें घेण्यास आरंभ केला, तेव्हां प्रत्येक घरीं जाळीदार लहान डबा व त्यांत बसणारी कंपोस्ट होणारी पिशवी अशी जोडी दिली. जाळींतून वाफ बाहेर जाते. पिष्टाची पिशवीही थोडी वाफ सोडते. त्यामुळें कचऱ्याचें पाणी कमी होतें व वास मंदावतो. त्या योजनेचें मर्म हें कीं, डबा, पिशवी, गाडी व कारखाना यांची सांगड एकाच विचारानें घातली होती. यांतील एक दुवा निखळला कीं उत्तम पिशवीही कुचकामाची ठरते.

आपल्याकडे इंदूर शहरानें कचरा घरींच निराळा करण्याची शिस्त लाविली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्यें तेथें रोज ५५० टन ओला कचरा घेणारा गॅसचा कारखाना सुरू झाला. गॅसबरोबर त्यापासून सेंद्रिय खतही निघावें अशी योजना आहे. हॉवर्ड व वाड यांच्या गांवीं हें घडावें हा सुयोग म्हटला पाहिजे. परंतु लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, गॅसच्या कारखान्यांत पिशवी कोणतीही असो, ती आरंभींच काढावी लागते; आणि निवडणाऱ्या कामगारास धांवत्या पट्ट्यावर चांगली पिशवी कोणती व वाईट कोणती हें ओळखतां येत नाहीं. तो दोन्ही उचलून बाजूस टाकतो. म्हणून पिशवी विकत घेण्यापूर्वीं नगरपालिकेस एक प्रश्न अवश्य विचारावा: आमचा ओला कचरा जातो कोठें, आणि तेथें ही पिशवी चालते काय? उत्तर 'नाहीं' असें आलें, तर कागद अंथरलेला डबा गाडींत उलटावा व डबा परत आणावा. तो मार्ग सर्वांत स्वस्तही आहे.

उत्तर 'होय' असें असल्यास पिशवी पुढीलप्रमाणें निवडावी व वापरावी:

१. पिशवीवर 'कंपोस्टेबल' हा शब्द, आयएस/आयएसओ १७०८८ हा क्रमांक, कारखानदाराचें नांव व त्याच्या प्रमाणपत्राचा क्रमांक हीं चारही असावीं. नुसता हिरवा रंग व पानाचें चित्र यांवर भुलूं नये.

२. पिशवी डब्याच्या मापाची घ्यावी. डबा लहानच असावा, म्हणजे तो रोज किंवा एक दिवसाआड रिकामा करावा लागतो. तीन दिवस ओल लागलेली पिशवी तळाशीं फाटते. तो तिचा दोष नव्हे, स्वभाव आहे.

३. तळाशीं कागद घालून मग कचरा टाकावा. गरम पदार्थ व पातळ पदार्थ टाकूं नयेत.

४. स्वस्त मिळाल्या म्हणून वर्षाच्या पिशव्या एकदम भरून ठेवूं नयेत. ऊन व दमट हवा लागली कीं त्या ठिसूळ होतात. थंड व कोरड्या जागीं, लागतील तेवढ्याच ठेवाव्या.

५. ही पिशवी साध्या प्लॅस्टिकबरोबर पुनर्वापरास देऊं नये. तिनें तो मालही नासतो.

खत घेणाऱ्याचें कर्तव्य

आतां आपल्या बाजूकडे वळूं. शहराच्या खतास खत नियंत्रण आदेशान्वयें कसोटी लाविलेली आहे. शेंकडा किमान ९० भाग चार मिलिमीटरच्या चाळणींतून गेला पाहिजे, व शिसें, पारा, कॅडमियम इत्यादिकांस मर्यादा आहे. गोणीवरील मजकूर वाचल्यावांचून व परीक्षणाचा दाखला मागितल्यावांचून खत उतरवून घेऊं नये. शिवाय एक साधी परीक्षा बांधावरच करतां येते. बादलीभर पाण्यांत चार-पांच मुठी खत टाकून ढवळावें व थोडा वेळ स्थिर ठेवावें. माती खालीं बसते; काडीकचऱ्याबरोबर पिशव्यांचे तुकडे वर तरंगतात. ते दिसले तर गाडी परत लावावी. आम्हीं ही परीक्षा ट्रॉली रिकामी झाल्यावर केली, हीच आमची चूक. दहा शेतकऱ्यांनीं दहा गाड्या परत लाविल्या तर कारखानदार नगरपालिकेकडे जाईल, आणि नगरपालिका त्या गांठ मारलेल्या पिशवीच्या घरापर्यंत पोंचेल. उपदेशानें जें होत नाहीं तें गाडी परत गेल्यानें होतें.

मात्र शहरास बोल लावण्यापूर्वीं आपणही आपल्या बांधावर पाहावें. टोमॅटोच्या व मिरचीच्या गादीवाफ्यांवर अंथरलेला मल्चिंगचा कागद हंगाम संपल्यावर किती जण पुरता उचलतात? ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, रोपांच्या काळ्या पिशव्या, औषधांचीं पाकिटें नांगराखालीं गाडलीं जातात, हें कोणास ठाऊक नाहीं? जी माती शहराच्या पिशवीपासून वांचवावयाची, तिच्यांत आपण स्वतःच्या हातानें तोच माल पेरीत असूं, तर आपल्या तक्रारीस वजन कोठून येणार?

आमच्या त्या वाफ्यांत यंदाही खुरपणीच्या वेळीं निळे तुकडे निघत आहेत. बायका ते वेचून पदरांत ठेवितात व बांधावर आणून टाकतात. कोणा घरीं डब्यांत टाकलेली ती पिशवी पांच मिनिटांच्या सोयीची होती. आमच्या मुलांनाही ती वेचावी लागेल असें दिसतें. वाचकांनीं आपल्या घरीं व शहरांतील आपल्या मुलांच्या घरीं एवढें सांगावें: खड्डा असेल तर पिशवी नको, खड्डा नसेल तर प्रथम कागद, आणि पिशवी घ्यावयाचीच झाली, तर ती कोठें जाऊन कुजणार हें विचारून घ्यावी.